झॅप : कुळागरातल्या होमस्टेच्या संकेतस्थळावर चार महिने वापरलेले सुरक्षा-तपासणीचे साधन

फोंडा तालुक्यात माझ्या चुलतभावाचे कुळागर आहे. पोफळी आणि मिरवेलींच्या त्या बागेत त्याने सात खोल्यांचे होमस्टे बांधले असून मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी अशा देवस्थानांना येणारे मुंबई-पुण्याचे कुळावी, म्हणजे त्या कुलदेवतांचे भक्त, आणि नोव्हेंबरपासून शिमग्यापर्यंतच्या हंगामातले पर्यटक तिथे उतरतात. खोल्यांची नोंदणी २०१७ पासून एका संकेतस्थळावरून होते. ते एका ओळखीच्या व्यावसायिकाने पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून करून दिले होते, आणि ते चालते आहे एवढ्याच कारणाने पुढे कित्येक वर्षे त्याला कोणी हात लावला नव्हता. मी हिशेबाचे काम करतो आणि फावल्या वेळात थोडेफार प्रोग्रॅमिंगही करतो. त्यामुळे हे संकेतस्थळ कितपत सुरक्षित आहे ते पाहण्याची जबाबदारी गेल्या पावसाळ्यात घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून माझ्यावर आली. त्यासाठी मी चार महिने जे साधन वापरले, त्या झॅपचे हे परीक्षण आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. लहान संकेतस्थळाच्या मालकाला एक पैसाही न देता मिळू शकेल असे याहून चांगले साधन मी पाहिलेले नाही, आणि तरीही त्याच्या अहवालात लाल निशाण नाही म्हणून कोणी निर्धास्त झाला तर तो फसेल. आमच्याकडची सर्वांत गंभीर चूक स्वयंचलित तपासणीच्या आवाक्याबाहेरची होती. अशा चुका तिला सापडत नाहीत, हे झॅपच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे. ते मी नंतर वाचले.

झॅप म्हणजे ‘झेड अटॅक प्रॉक्सी’. सायमन बेनेट्स यांनी पॅरोस नावाच्या जुन्या प्रॉक्सीवरून ते तयार केले आणि २०१० मध्ये सर्वांसाठी खुले केले. वेब-सुरक्षेसाठी २००१ पासून काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या छत्राखाली ते अनेक वर्षे वाढले. २०२३ मध्ये ते ओवॅस्पमधून बाहेर पडले आणि २०२४ पासून त्याला चेकमार्क्स या कंपनीचा आधार आहे, मात्र अपाची परवाना कायम असल्यामुळे ते पूर्वीसारखेच मोफत आणि मुक्तस्रोत राहिले आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ते चालते. विंडोजवर आधी जावा बसवावे लागते, आणि नव्या आवृत्त्यांना जावा १७ किंवा त्यापुढचेच लागते. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर जावा ८ होते, त्यामुळे पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

नावातल्या ‘प्रॉक्सी’ या शब्दात त्याच्या कामाची किल्ली आहे. आपला ब्राउझर आणि संकेतस्थळाचा सर्व्हर यांच्यामध्ये झॅप बसते, येणारी-जाणारी प्रत्येक विनंती आणि तिचे उत्तर उघडून वाचते, लिहून ठेवते, आणि आपण सांगितले तर बदलून पुढे पाठवते. याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट होत नाही. पहिली ‘पॅसिव्ह’ तपासणी नुसते बघते. जे उत्तर आले त्यात काय उणे आहे तेवढे ती नोंदवते आणि तिच्यापासून कोणालाही धोका नसतो. दुसरी ‘अ‍ॅक्टिव्ह’ तपासणी मात्र खरोखर हल्ला करते. प्रत्येक रकान्यात आणि पत्त्यातल्या प्रत्येक मूल्यात ती नाना प्रकारचा वाह्यात मजकूर भरून पाठवते आणि सर्व्हर कसा वागतो ते पाहते. पहिल्या पडद्यावर ‘ऑटोमेटेड स्कॅन’ निवडले की पत्ता लिहायची जागा आणि तिच्याखाली ‘अटॅक’ असे बटण येते. त्या बटणाचे नाव इतके सरळ असूनही मी ते गांभीर्याने घेतले नाही.

मी ते थेट चालू संकेतस्थळावर दाबले. अर्ध्या तासाने भावाचा फोन आला, “अरे, हो झॅप कोण रे?” संकेतस्थळावरचे अर्ज धुंडाळताना नावाच्या रकान्यात काहीतरी भरणे भाग असते, तेव्हा हे साधन तिथे स्वतःचेच नाव लिहिते. त्यामुळे झॅप नावाच्या पाहुण्याने डिसेंबरातल्या सगळ्या खोल्यांसाठी विचारणा केली होती आणि भावाच्या ई-मेलमध्ये चारशेच्या वर पत्रे येऊन पडली होती. दोष सर्वस्वी माझा होता. झॅपमध्ये ‘प्रोटेक्टेड’ नावाची पद्धत आहे, ती निवडली की आपण ठरवून दिलेल्या पत्त्यांच्या बाहेर ते हल्ला करत नाही. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे संकेतस्थळाची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, तिच्यातली पत्रे पाठवण्याची सोय बंद करावी, खऱ्या पाहुण्यांच्या जागी खोट्या नोंदी भराव्यात आणि मगच ते बटण दाबावे. पुढचे चार महिने मी तसेच केले.

प्रतीवर केलेल्या पहिल्या पूर्ण तपासणीला साधारण अडीच तास लागले. मध्ये एकदा पावसाने वीज गेली आणि सगळे वाया गेले, कारण सुरू करताना हे सत्र जतन करायचे का असे झॅपने विचारले होते आणि मी नको म्हणालो होतो. आषाढात गोव्यात बसून हे काम करणाऱ्याने त्या प्रश्नाला हो म्हणावे. तपासणी संपल्यावर डावीकडे इशाऱ्यांची यादी येते. लाल निशाण म्हणजे मोठा धोका, नारिंगी मध्यम, पिवळे कमी आणि निळे केवळ माहितीसाठी. प्रत्येक इशाऱ्यासोबत तो कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या रकान्यात सापडला, काय पाठवल्यावर काय उत्तर आले, खात्री किती आणि उपाय कोणता, हे सगळे लिहिलेले असते. मला या साधनात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. ‘तुमचे संकेतस्थळ असुरक्षित आहे’ असे नुसते सांगून घाबरवणारी आणि पुढच्या माहितीसाठी पैसे मागणारी साधने पुष्कळ आहेत. झॅप पुरावा समोर ठेवते.

आमच्याकडे लाल निशाणे दोन प्रकारची निघाली, आणि त्यांतल्या पहिल्याचा इतिहास मला आधीपासून ठाऊक होता, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते. संकेतस्थळावर ‘आपली नोंदणी पाहा’ असे एक पान आहे. तिथे आडनाव आणि मोबाईल क्रमांक दिला की नोंदणी दिसते. गेली कित्येक वर्षे त्या पानाबद्दल एक विचित्र तक्रार येत असे, की मडगावचे, म्हापशाचे, वसईचे डि’सोझा, डि’कॉस्ता, डि’सिल्वा यांनी आपले आडनाव रोमी लिपीत जसे लिहितात तसे, म्हणजे मधल्या त्या वरच्या स्वल्पविरामासकट लिहिले, की पान फुटते आणि इंग्रजीत काहीतरी अगम्य मजकूर दिसतो. भाऊ त्यांना फोनवर सांगत असे, “बाब, ते चिन्ह न घालता लिहा.” काम भागत होते. वास्तविक तो अगम्य मजकूर म्हणजे डेटाबेसने दिलेली चूक झाल्याची सूचना होती, आणि प्रत्येक डि’सोझा नकळत आम्हाला सांगत होता की तुमच्या दाराला कडी नाही.

याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. आमच्या संकेतस्थळाचा प्रोग्रॅम डेटाबेसला द्यायची आज्ञा मजकुराचे तुकडे जोडून बनवत होता. ‘ज्या नोंदीत आडनाव असे असे आहे ती दे’ या आज्ञेत पाहुण्याने लिहिलेले आडनाव दोन एकेरी अवतरणचिन्हांच्या मध्ये जसेच्या तसे बसवले जाई. आडनावातच ते चिन्ह आले की डेटाबेसला वाटे आडनाव ‘डि’पाशीच संपले, आणि उरलेला ‘सोझा’ ही आपल्याला दिलेली पुढची आज्ञा आहे. ‘सोझा’ अशी आज्ञा नसल्यामुळे तो तक्रार करी. पण कोणी सोझाच्या जागी ‘किंवा एक बरोबर एक’ अशा अर्थाचा तुकडा डेटाबेसच्या भाषेत लिहिला असता, तर अट नेहमीच खरी ठरून एका नोंदीऐवजी सगळ्या नोंदी बाहेर आल्या असत्या. झॅप नेमके हेच करून पाहते. आधी एक अवतरणचिन्ह पाठवून चूक झाल्याची सूचना येते का ते बघते, मग नेहमी खरी आणि नेहमी खोटी अशा दोन अटी पाठवून उत्तरांत फरक पडतो का ते ताडते, आणि काहीच दिसत नसेल तर डेटाबेसला काही सेकंद थांबायला सांगून उत्तर तितकेच उशिरा येते का ते मोजते. तिसरी युक्ती मला फार आवडली. बंद खोलीत कोणी आहे का हे दारावर टकटक करून, आतून उत्तर यायला लागणाऱ्या वेळावरून ओळखावे तशी ती आहे.

हा दोष १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली आणि तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड केला. उपाय मात्र लहान आहे. आज्ञा आणि माहिती डेटाबेसला वेगवेगळी द्यायची, ज्याला ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ म्हणतात. मग आडनावात काहीही लिहिले तरी डेटाबेस त्याला आडनावच मानतो. आमच्याकडे अशा एकोणीस जागा होत्या. त्या दुरुस्त करायला मला दोन रविवार लागले, आणि आता पावतीवर डि’कॉस्ता मंडळींचे नाव चिन्हासकट छापले जाते.

दुसरे लाल निशाण अभिप्रायाच्या पानावरच्या क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचे होते. पाहुण्याने लिहिलेला अभिप्राय जसाच्या तसा पानात ओतला जाई, त्यामुळे कोणी अभिप्रायाच्या जागी जावास्क्रिप्टचा तुकडा लिहिला तर ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो चालला असता, भावाच्या व्यवस्थापकीय खात्यातसुद्धा. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर एका तरुणाने असाच तुकडा स्वतःच्या पानावर ठेवला होता. ते पान बघणाऱ्याच्या पानावरही तो आपोआप उतरे, आणि वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक लोक त्याच्या मित्रयादीत आले होते. त्याने गंमत म्हणून केले, पण त्याच वाटेने लोकांची सत्रे, म्हणजे त्यांनी प्रवेश केलेली खाती, चोरता येतात. पानावर मजकूर दाखवताना कोनाकार कंस आणि अवतरणचिन्हे निष्प्रभ करणारे फंक्शन पीएचपीत तयारच असते. ते आमच्या व्यावसायिकाने चार ठिकाणी वापरले होते आणि पाचव्या ठिकाणी विसरला होता. असल्या विसरण्यासाठीच यंत्र उपयोगी पडते, कारण ते कंटाळत नाही.

नारिंगी आणि पिवळ्या इशाऱ्यांबद्दल थोडे सावधपणे लिहावे लागेल. त्यांची संख्या पाहून पहिल्यांदा छातीत धडकी भरते. एकाच गोष्टीची नोंद साठ पानांवर साठ वेळा झालेली असते आणि त्यातले बरेचसे सर्व्हरने सोबत पाठवायच्या, पण न पाठवलेल्या हेडरविषयी, म्हणजे पानासोबत ब्राउझरला द्यायच्या सूचनांविषयी असते. ही सगळी खरी कामे आहेत, मात्र बहुतेक सर्व्हरच्या एका फाइलमध्ये चार-पाच ओळी लिहून एका दुपारीत संपतात. काही इशारे निव्वळ खोटे असतात. आमच्या रंगरूपाच्या फाइलमधले दशांशचिन्हापुढचे लांबलचक आकडे पाहून झॅपने ‘इथे वेळेचा शिक्का उघड होतो आहे’ असे बजावले होते. असा इशारा खोटा आहे अशी खूण करून ठेवता येते, आणि ती खूण करण्यापूर्वी स्वतः पाहून खात्री करण्याची शिस्त पाळावी, नाही तर खरा इशाराही त्याच झपाट्यात पुसला जातो.

या गर्दीतले दोन इशारे मात्र वजनदार होते. एक असे सांगत होता की सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत आपण पीएचपी ५.६ वापरतो हे जगजाहीर करतो. पीएचपी ५.६ ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे डिसेंबर २०१८ मध्येच बंद झाले आहे. म्हणजे आम्ही मोडकी कडी लावून वर तिच्या मॉडेलचा क्रमांकही दारावर लिहिला होता. दुसरा इशारा जेक्वेरी या जावास्क्रिप्ट संग्रहाच्या जुन्या आवृत्तीविषयी होता. तिच्यातला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचा एक दोष एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ३.५.० या आवृत्तीत दुरुस्त झालेला आहे. दुसऱ्याने लिहिलेला आणि आपण वापरत असलेला जुना भाग किती महाग पडतो याचे ठळक उदाहरण इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीचे आहे. तिने वापरलेल्या अपाची स्ट्रट्स या तयार सॉफ्टवेअरमधल्या दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती, ती एका ठिकाणी बसवायची राहिली, मे महिन्यात चोर शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. आमच्याकडे पीएचपी बदलताना तारखेची आणि पावतीची पाने मोडली, ती पुन्हा लिहावी लागली, आणि या संपूर्ण कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग तोच ठरला.

एवढे झाल्यावर पुन्हा तपासणी केली. एकही लाल निशाण उरले नव्हते. मी समाधानाने अहवाल छापून भावाला दाखवायला नेला. त्या दिवशी माझी अकरावीतली भाची कुळागरात आली होती. मी पाहुणा म्हणून प्रवेश करून माझी चाचणीची पावती पडद्यावर उघडली होती, आणि तिच्या पत्त्याच्या शेवटी ११८७ असा आकडा होता. भाचीने तो आकडा पुसला, ११८६ लिहिले आणि एंटर दाबले. “मामा, हे कोण?” तिने विचारले. पडद्यावर नागपूरच्या एका कुटुंबाची पावती होती. नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक आणि खाली आधार कार्डाचे छायाचित्र. हे चालू संकेतस्थळ होते, प्रत नव्हती. मी त्याच क्षणी पावतीचे पान बंद केले.

आमचा प्रोग्रॅम एवढेच विचारत होता की समोरच्याने प्रवेश केला आहे का. ही पावती त्याची आहे का, हा दुसरा प्रश्न तो विचारतच नव्हता. आकडे ओळीने दिलेले असल्यामुळे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या पावत्या कोणालाही चाळता आल्या असत्या. मे २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीत हीच चूक उघड झाली होती. दुव्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचे कागद दिसत, आणि असे कागद सुमारे ८८ कोटी ५० लाख होते. ओवॅस्पच्या सर्वाधिक गंभीर दहा दोषांच्या यादीत २०१७ मध्ये इंजेक्शन पहिले आणि ‘ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल’, म्हणजे अधिकार-तपासणीतली ही त्रुटी, पाचवी होती. २०२१ च्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर आली. मी २०१७ च्या यादीच्या मनःस्थितीत काम करत होतो.

झॅपला हे का दिसले नाही, याचे उत्तर साधे आहे आणि त्यात झॅपचा दोष नाही. आडनावात अवतरणचिन्ह टाकल्यावर पान फुटते, आणि फुटणे यंत्राला ओळखता येते. ११८६ मागितल्यावर मात्र पान अगदी व्यवस्थित उघडते, सर्व्हर ‘सर्व ठीक’ असाच संकेत देतो, छपाईही सुबक असते. ती पावती माझी नसून नागपूरकरांची आहे हे ज्ञान पानात कुठेच लिहिलेले नसते, ते फक्त माणसाच्या डोक्यात असते. झॅपच्या माहितीत अ‍ॅक्टिव्ह तपासणीविषयीच्या पानावर म्हटलेलेच आहे, की अधिकार-तपासणीसारखे तर्काशी निगडित दोष कोणत्याही स्वयंचलित तपासणीला सापडणार नाहीत आणि माणसाने हाताने तपासणी करायलाच हवी. ‘अटॅक’ बटण दाबण्याच्या घाईत मी ते पान उघडलेच नव्हते.

पण परीक्षण लिहिताना हेही सांगितले पाहिजे की चूक कळल्यावर ती किती खोल आहे हे मोजायला मला झॅपचाच उपयोग झाला. हाताने तपासणी करायची तीच साधने त्यात आहेत. कोणतीही नोंदवलेली विनंती उघडून, बदलून, पुन्हा पाठवता येते. ‘फझर’ला आकड्यांची यादी दिली की तो एकेक आकडा बसवून विनंत्या पाठवतो आणि उत्तरांची लांबी बाजूला लिहितो. प्रतीवर १ ते १३०० असे आकडे देऊन मी पाहिले, एकही पावती नाकारली गेली नाही. दोन वेगवेगळे पाहुणे आणि एक व्यवस्थापक अशी खाती तयार करून, कोणी कोणते पान पाहावे आणि कोणते पाहू नये हे आधी सांगून ठेवायचे आणि मग झॅपकडून ताडून घ्यायचे, अशी जोडणीही मिळते. तिची मांडणी किचकट आहे आणि मला ती नीट जमायला एक आठवडा लागला, पण दुरुस्तीनंतर तिनेच दाखवले की पावतीचे पान सुरक्षित झाले असले तरी पावतीची छापील पीडीएफ देणारा दुवा तसाच उघडा राहिला होता.

दुरुस्ती करताना ओळीच्या आकड्यांऐवजी लांब, अंदाज न करता येणारे क्रमांक द्यावेत असे मला आधी वाटले. ते दिलेही, पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे किल्ली पायपुसण्याखालून काढून कुंडीखाली ठेवण्यासारखे आहे, कारण दुवा एकदा कोणाच्या हाती लागला की अडवणारे काही नाही. खरा उपाय म्हणजे पावती शोधतानाच प्रवेश केलेल्या पाहुण्याचा क्रमांकही त्या आज्ञेत घालणे. ओळखपत्रांची छायाचित्रे आम्ही वेबच्या फोल्डरमधून बाहेर हलवली. परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते, त्यासाठी पासपोर्टची माहिती घेणे भाग आहे. देशी पाहुण्यांकडे मात्र आता शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार मागतो, आणि जुन्या शेकडो प्रती पुसून टाकल्या. इतकी वर्षे त्या कशासाठी साठवल्या होत्या याचे उत्तर भावाकडेही नव्हते आणि माझ्याकडेही.

बाहेरून पाहणाऱ्या साधनाला घराच्या आतले दिसत नाही, हे आणखी एका ठिकाणी कळले. डेटाबेस उघडला तेव्हा पाहुण्यांचे पासवर्ड एमडी-५ या जुन्या पद्धतीने, मीठसुद्धा न घालता ठेवलेले आढळले. सुरक्षेच्या भाषेत प्रत्येक पासवर्डाला जोडलेल्या वेगळ्या अक्षरांना खरोखरच मीठ म्हणतात. अशा पासवर्डांचे तयार तक्ते इंटरनेटवर मिळतात. पीएचपीत २०१३ पासून, म्हणजे आमचे संकेतस्थळ तयार होण्याच्या चार वर्षे आधीपासून, यासाठी योग्य फंक्शन उपलब्ध आहे.

याच क्षेत्रातले दुसरे प्रसिद्ध साधन म्हणजे बर्प सुइट. त्याची मोफत आवृत्ती मी दोन आठवडे वापरली. विनंती हाताने बदलून पुन्हा पाठवण्याचे काम त्यात झॅपपेक्षा सुटसुटीत वाटले, परंतु स्वयंचलित तपासणी मोफत आवृत्तीत नाही, त्यासाठी वार्षिक शुल्क आहे. आमच्यासारख्या सात खोल्यांच्या व्यवसायाला ते परवडणारे नाही. मात्र ते बनवणाऱ्या पोर्टस्विगर कंपनीचे मोफत प्रशिक्षण, त्यातल्या सरावाच्या संकेतस्थळांसह, कोणीही घ्यावे असे आहे. ओवॅस्पचे ‘ज्यूस शॉप’ हे मुद्दाम भोके ठेवून बनवलेले फळांच्या रसाचे खोटे दुकानही झॅपवर हात बसवण्यासाठी उत्तम. चालू संकेतस्थळावर चारशे पत्रे पाठवण्याऐवजी मी तिथे सुरुवात करायला हवी होती.

एक सूचना मात्र ठळकपणे द्यावीशी वाटते. हे साधन केवळ स्वतःच्या, किंवा मालकाने लेखी परवानगी दिलेल्या संकेतस्थळावरच चालवावे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकव्यवस्थेत शिरणे हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा ठरू शकतो, आणि ‘मी फक्त बघत होतो’ हा बचाव फारसा टिकणारा नाही. संकेतस्थळ सामायिक सर्व्हरवर असेल तर होस्टिंग कंपनीलाही आधी कळवावे, कारण तिच्या दृष्टीने तुमची तपासणी आणि खरा हल्ला यांत काहीच फरक दिसत नाही.

झॅपची मूळ भाषा इंग्रजी आहे, पडद्यावर एकाच वेळी फार खिडक्या उघडतात, आणि आठ जीबी मेमरीच्या डेस्कटॉपवर लांब तपासणी चालू असताना दुसरे काही करता येत नाही. ज्याला एचटीटीपी, कुकी, हेडर हे शब्द अगदीच अनोळखी आहेत त्याने एकट्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, कोणा जाणत्याला शेजारी बसवावे. मात्र ज्याने संकेतस्थळ बनवले त्याच्याशी बोलताना मालकाच्या हातात पुराव्यासकट कागद असणे हा मोठाच फायदा आहे. आमच्या व्यावसायिकाला मी पहिला अहवाल पाठवला तेव्हा “सगळे दुरुस्त केले आहे” असे दोन दिवसांत उत्तर आले. पुन्हा तपासणी केली तर एकोणीसपैकी अकरा जागा तशाच होत्या, आणि त्यानंतरच ते काम मी स्वतःकडे घेतले.

सध्याच्या अहवालात एक नारिंगी निशाण उरले आहे. ते कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचे, म्हणजे पानावर कोणाकोणाची स्क्रिप्ट चालू द्यायची याच्या यादीचे आहे. ती यादी कडक केली की कुळागराची वाट दाखवणारा नकाशा दिसेनासा होतो, सैल केली की झॅप पुन्हा निशाण लावते. भावाला नकाशा हवा आहे, कारण मुख्य रस्ता सोडल्यावर त्याच्याशिवाय पाहुणे हमखास चुकतात. नकाशासाठी नेमके कोणते पत्ते यादीत घालावे लागतात ते मी झॅपच्याच नोंदींतून एकेक करून वेचतो आहे. आतापर्यंत पाच सापडले आहेत.